‘अश्व’ शब्दाची साक्ष : एका ग्रंथाचें पुनःपरीक्षण

(१)

अमेरिकन पुरातत्त्वज्ञ डेव्हिड अँथनी यांचा ‘दि हॉर्स, दि व्हील अँड लँग्वेज’ म्हणजे ‘घोडा, चाक आणि भाषा’ हा ग्रंथ इ. स. २००७ सालीं प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केला. त्यास आतां दीड तप लोटलें. इतक्या दिवसांनीं त्याचें परीक्षण कां, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. तिचें उत्तर असें कीं, ग्रंथाच्या नांवांत जीं तीन पदें एका जुवाखालीं जुंपलेलीं आहेत, त्यांपैकीं पहिलें पद २०१८ ते २०२४ या सहा-सात वर्षांत निघालेल्या प्राचीन जनुकांच्या पुराव्यानें सैल झालें आहे. आणि तरीही आर्यभाषांच्या मूळ वसतीविषयीं आपल्याकडे जें लिहिलें-बोललें जातें, त्यांत हा ग्रंथ, किंवा त्याचें केवळ नांव, अद्यापि जसेंच्या तसें प्रमाण म्हणून पुढें केलें जातें.

दुसरें कारण वैयक्तिक आहे. शिक्षकी पेशांत असतांना प्रस्तुत लेखक दर वर्षीं फळ्यावर एक कोष्टक मांडीत असे. एका बाजूस ‘अश्व’, दुसऱ्या बाजूस लॅटिन ‘एक्वुस्’, ग्रीक ‘हिप्पोस्’, अवेस्ती ‘अस्प’. आणि खालीं रेघ ओढून मुलांस सांगत असे कीं, ज्या अर्थीं शब्द एक, त्या अर्थीं हे सर्व लोक एकत्र नांदत असतांनाच त्यांच्या दारांत घोडे बांधलेले होते. कोष्टक बरोबर होतें; रेघेखालचा निष्कर्ष बरोबर नव्हता. ‘ज्या अर्थीं’ आणि ‘त्या अर्थीं’ यांच्यामध्यें जी फट होती ती तेव्हां दिसली नाहीं. ती दाखविणें हाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. जुने कागद जमविणाऱ्या व वाचणाऱ्या मंडळींचाही तिच्याशीं निकट संबंध आहे. कारण कागदावर शब्द आढळला कीं वस्तु आढळली असें समजण्याची संवय आपणां सर्वांसच आहे.

(२)

प्रथम शब्दांची साक्ष काय आहे तें पाहूं. तुलनात्मक व्याकरणकार मूळ भाषेंतील शब्द ‘*एक्वोस्’ असा कल्पितात. आरंभींची तारका हा शब्द कोठेंही लिहिलेला सांपडलेला नसून अनुमानानें सिद्ध केला आहे याची खूण होय. संस्कृत ‘अश्व’, अवेस्ती ‘अस्प’, जुनी फारशी ‘अस’, लॅटिन ‘एक्वुस्’, जुनी आयरिश ‘एख्’, गॉल लोकांच्या अश्वदेवतेच्या ‘एपोना’ या नांवांतील ‘एपो’, जुन्या इंग्रजींतील ‘एओह्’, जुन्या नॉर्स काव्यांतील ‘योर्’, तोखारी भाषेच्या दोन शाखांतील ‘यक्वे’ व ‘युक्’, जुन्या लिथुआनींतील घोडीवाचक ‘अश्वा’, हीं सर्व त्याचीं अपत्यें. ग्रीसमधील मायसीनी काळच्या मृत्पट्टिकांवर तो ‘इ-क्वो’ असा आढळतो. गॉथिक भाषेंत घोड्यास म्हणून हा शब्द उरलाच नाहीं. परंतु तेथील बायबलाच्या भाषांतरांत एका कांटेरी झुडपाचें नांव ‘घोड्याचा दांत’ अशा अर्थाचें आहे आणि त्या समासांत तो अडकून राहिला आहे. जुन्या प्रशियन भाषेंत तो घोडीच्या दुधाच्या नांवांत सांपडतो. तात्पर्य, आयर्लंडपासून तारीम नदीच्या खोऱ्यापर्यंत एवढ्या भाषांत जो शब्द वारशानें उतरला, तो मूळ भाषेंत होता याविषयीं संशय घेण्यास जागा नाहीं.

परंतु हें कोष्टक फळ्यावर दिसतें तितकें गुळगुळीत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. ग्रीक ‘हिप्पोस्’ याचें पाऊल तीन ठिकाणीं अडखळतें. नियमाप्रमाणें आरंभीं ‘ए’ हवा, तेथें ‘इ’ आहे. ‘ह’ कोठून आला हें सांगतां येत नाहीं. आणि ‘प’चें द्वित्वही खुलाशाची अपेक्षा करितें. ‘लेउकिप्पोस्’ या विशेषनामांत ‘क’चा ‘ख’ झालेला नाहीं, यावरून तो ‘ह’ मागाहून चिकटला असावा असें दिसतें, इतकेंच. शब्दाचें नातें यामुळें तुटत नाहीं. पण ज्यास आपण पाठ झालेलें उदाहरण समजतों, त्यांतही न उकललेल्या गांठी असतात हें ध्यानांत यावें.

व्युत्पत्तीनें कांहीं हातीं लागतें काय? यास्कानें निरुक्तांत दोन पर्याय दिले आहेत. घोडा वाट व्यापितो म्हणून अश्व, किंवा पुष्कळ खातो म्हणून अश्व. उणादिकारही व्याप्तिवाचक ‘अश्’ धातूसच प्रत्यय लावितात. युरोपीय पंडितांनीं ‘आशु’ म्हणजे वेगवान् या शब्दाशीं संबंध जोडिला. परंतु ग्रीकमध्यें त्या ‘आशु’चें रूप ‘ओकुस्’ आहे, आणि ‘एक्वोस्’मधील आद्य ‘ए’ आणि हा आद्य ‘ओ’ यांचा मेळ घालणें सोपें नाहीं. आणि तो मेळ बसला तरी काय सिद्ध होतें? रानांतला घोडाही वेगवानच असतो.

अनातोलियांतील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील प्राचीन भाषांची साक्ष विशेष महत्त्वाची आहे. कारण ती शाखा मूळ कुटुंबांतून सर्वांत आधीं फुटली असें बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानितात. हित्ती लेखक घोड्याचा शब्द अक्षरशः न लिहितां सुमेरी चिन्हांनीं लिहीत. त्या चिन्हांचा अर्थ ‘डोंगराकडचें गाढव’ असा आहे. पण चिन्हांच्या पुढें ते विभक्तीचें टोंक ‘उश्’ असें जोडीत, त्यावरून त्यांचा शब्द उकारान्त असावा असें अनुमान निघतें. शेजारच्या लूवी भाषेंत ‘अझु’ व लिकियन भाषेंत ‘एस्बे’ अशीं रूपें आहेत. म्हणजे शब्द अनातोलियन शाखा फुटण्यापूर्वींचा आहे. अँथनी यांच्या स्वतःच्या कालगणनेनें ही फूट इ. स. पू. ४००० च्या पूर्वींची. इ. स. २०२३ सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत हेगर्टी प्रभृतींनीं आर्यभाषाकुलाचें वय सुमारें ८१०० वर्षें ठरविलें. तें खरें मानल्यास शब्द याहूनही बराच मागें जातो. कोणतीही गणना घ्या, शब्द फार जुना आहे. प्रश्न एवढाच कीं, तेव्हां त्या शब्दानें ओळखिलें जाणारें जनावर गोठ्यांत होतें कीं रानांत?

(३)

येथें ग्रंथाच्या नांवांतील पहिल्या दोन पदांची तुलना उद्‌बोधक आहे. संस्कृत ‘चक्र’, ग्रीक ‘किक्लोस्’ आणि इंग्रजी ‘व्हील’ हे एकाच शब्दाचे वंशज. ‘अक्ष’, ‘युग’ म्हणजे जूं, ‘वह्’ धातु, हे सर्वही अनेक शाखांत समान. चाक रानांत उगवत नाहीं. ज्या भाषेंत चाकास, आंसास व जुवास नांव आहे, त्या भाषेच्या लोकांनीं गाडा पाहिला आहे. आणि गाडे इ. स. पू. ३५०० च्या सुमारापूर्वीं आढळत नसल्यामुळें, ज्या शाखांत हे शब्द समान आहेत त्या शाखा तोंपर्यंत एकमेकींच्या संपर्कांत होत्या असें म्हणतां येतें. अनातोलियन शाखेंत चाकास वेगळाच शब्द आहे, हेंही या क्रमाशीं जुळतें. ग्रंथाचा हा भाग आजही बळकट आहे, आणि शब्दांवरून काळ कसा काढावा याचा तो उत्तम नमुना आहे.

घोड्याची गोष्ट निराळी. घोडा मनुष्यानें घडविलेला नाहीं. मनुष्यानें त्यास धरण्यापूर्वीं सहस्रावधि वर्षें तो गवताळ प्रदेशांत चरत होता, आणि मनुष्य त्याची शिकार करून मांस खात होता. शिकाऱ्यालाही आपल्या सावजास नांव लागतेंच. ‘वृक’, ग्रीक ‘लिकोस्’, लॅटिन ‘लुपुस्’. ‘ऋक्ष’, ग्रीक ‘अर्क्तोस्’, लॅटिन ‘उर्सुस्’. हीं कोष्टकें ‘अश्वा’च्या कोष्टकाइतकींच पूर्ण आहेत. मूळ आर्यांच्या दारीं लांडगे व अस्वलें बांधलेलीं होतीं असें मात्र आजवर कोणी म्हटलें नाहीं!

कोणी म्हणेल, घोड्याचा मान वेगळा. विशेषनामांत घोडा आहे, यज्ञांत घोडा आहे, काव्यांत ‘वेगवान् घोडे’ ही जोडी वेदांत, अवेस्तांत व होमरमध्यें सारखीच आहे. हें खरें. परंतु लांडग्यावरूनही माणसांचीं नांवें पडलीं आहेत. आणि अश्वमेध, रोममधील ऑक्टोबर महिन्यांतील अश्वबलि, व १२ व्या शतकांत जिराल्डस यानें वर्णिलेला आयर्लंडमधील घोडीचा राज्याभिषेकविधि यांचें साम्य कितीही आकर्षक असलें, तरी हे सर्व विधि त्या त्या लोकांच्या घरीं घोडा आल्यानंतरच्या काळीं लिहिले गेलेले आहेत. त्यांवरून मागें जातांना पाऊल जपून टाकावें लागतें.

मग शब्दांवरून माणसाळणें कसें ओळखावें? जनावराच्या नांवावरून नव्हे, तर गोठ्याच्या शब्दांवरून. गाईबैलांचें व मेंढरांचें पाहा. ‘गो’, ग्रीक ‘बूस्’, लॅटिन ‘बोस्’; ‘उक्षन्’, इंग्रजी ‘ऑक्स’; ‘अवि’, लॅटिन ‘ओविस्’; ‘ऊर्णा’, लॅटिन ‘लाना’; आणि धनवाचक ‘पशु’, लॅटिन ‘पेकु’. येथें जनावर आहे, त्याची लोंकर आहे, मानेवरचें जूं आहे, त्यावरून मोजलेली संपत्ति आहे. घोड्याच्या बाबतींत एवढा समान परिवार सांपडत नाहीं. घोडीचें नांव ‘अश्वा’, ‘एक्वा’ असें नरावरूनच केलेलें. ग्रीकमध्यें तर तोच शब्द दोहोंस चालतो. शिंगराचा एक शब्द ग्रीक व जर्मानिक शाखांत समान आहे, पण तो सर्वत्र नाहीं. घोड्यावर बसणें, लगाम, कडियाळें, यांस प्रत्येक शाखेनें आपापल्या घरीं शब्द केले. शब्दांचा अभाव हा स्वतंत्र पुरावा नव्हे, हें मान्य. तथापि जो पक्ष शब्दांवर उभा आहे, त्यानें या मौनाचाही हिशेब दिला पाहिजे.

(४)

अँथनी यांनीं केवळ शब्दांवर भिस्त ठेविली असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांच्या पक्षाचा खरा भार दांतांवर आहे. घोड्याच्या तोंडांत कडियाळें घातलें म्हणजे तो तें चावतो, आणि खालच्या जबड्यांतील दुसरी उपदाढ पुढील बाजूनें झिजते. ही झीज ३ मिलिमीटर वा अधिक असल्यास कडियाळें होतें असें समजावें, असा निकष त्यांनीं व त्यांच्या पत्नी डोर्कस ब्राउन यांनीं प्रयोगांनीं ठरविला. याच पद्धतीनें युक्रेनमधील देरेइव्का येथील एका घोड्याच्या दांतांवरून, मनुष्य इ. स. पू. ४००० च्या सुमारास घोड्यावर बसत होता असें त्यांनीं जाहीर केलें. पुढें त्याच घोड्याच्या अवशेषांचें वय किरणोत्सर्गी कर्बानें मोजतां तो लोहयुगांतला, म्हणजे सुमारें तीन सहस्र वर्षें अलीकडचा निघाला. जुन्या थरांत खड्डा खणून तो मागाहून पुरला गेला होता. उभयतांनीं आपलें म्हणणें प्रसिद्धपणें मागें घेतलें, आणि ग्रंथांतही ही हकीकत न झांकतां सांगितली. आपला सर्वांत प्रसिद्ध पुरावा आपणच रद्द करणारे ग्रंथकार थोडे असतात. त्यांची ही सचोटी मुक्तकंठानें वाखाणण्यासारखी आहे.

देरेइव्का गेल्यावर पक्षाचा आधार बोताय हा राहिला. कझाकस्तानांतील हें स्थळ इ. स. पू. ३५०० च्या सुमाराचें असून तेथें घोड्याच्या हाडांचा अक्षरशः खच सांपडला. इ. स. २००९ सालीं आउटरॅम प्रभृतींनीं दांतांवरील खुणा व मडक्यांत मुरलेले घोडीच्या दुधाचे स्निग्धांश दाखवून, येथें घोडे पाळीत होते असें प्रतिपादन केलें. परंतु २०१८ सालीं गोनिट्झ प्रभृतींनीं या घोड्यांचीं जनुकें तपासलीं, तेव्हां अनपेक्षित गोष्ट बाहेर आली. बोतायचे घोडे आजच्या घोड्यांचे पूर्वज नव्हेत. आजच्या घोड्यांत त्यांचा अंश सुमारें पावणेतीन टक्के. उलट, ज्यास आपण आजवर खरा रानटी घोडा समजत आलों, तो मंगोलियांतील प्रझेवाल्स्कीचा घोडा त्यांचा वंशज निघाला.

मग आजच्या घोड्याचें मूळ कोठें? लिब्रादो, ऑर्लांडो व त्यांचे अनेक सहकारी यांनीं २०२१ सालीं ‘नेचर’ नियतकालिकांत २७३ प्राचीन घोड्यांच्या जनुकसंचांवरून त्याचें उत्तर दिलें. तें मूळ व्होल्गा व डोन या नद्यांच्या खालच्या अंगास. आणि तेथून हा वंश इ. स. पू. २००० च्या सुमारास सर्वत्र पसरून त्यानें इतर बहुतेक वंशांची जागा घेतली. पाठीच्या बळाशीं व स्वभावाच्या गरीबपणाशीं संबंध असलेल्या दोन जनुकांची निवड त्यांत झालेली दिसते. २०२४ सालीं त्याच मंडळींनीं ४७५ प्राचीन घोड्यांवरून काल अधिक नेमका केला. या वंशाची संख्या आकुंचित होण्यास आरंभ इ. स. पू. २७०० च्या आधीं नाहीं. मनुष्यानें त्याची पैदास आपल्या हातीं घेतल्याचीं चिन्हें, म्हणजे जवळच्या नात्यांतील संकर व पिढ्यांमधील अंतर कमी होणें, हीं इ. स. पू. २२०० च्या सुमाराचीं. इ. स. पू. ३००० च्या सुमारास गवताळ प्रदेशांतील याम्नाया लोक युरोपांत शिरले, तेव्हां त्यांच्याबरोबर घोड्यांचे कळप गेले असें मात्र या पुराव्यांत दिसत नाहीं. बोतायच्या घोड्यांच्या पिढ्याही आखूड झालेल्या आढळल्या, म्हणजे तेथें एक प्रकारचें पालन होतें. पण ती वाट तेथेंच थांबली.

(५)

या पुराव्यापुढें ग्रंथाची किती बाजू उरते, याचा हिशेब न्यायानें केला पाहिजे. ग्रंथकाराच्या बाजूनें दोन गोष्टी मागाहून जमा झाल्या आहेत. २०२१ सालीं डोन नदीच्या खालच्या भागांतील एका स्थळीं, ताम्रपाषाणयुगानंतरच्या आरंभीच्या कांस्ययुगांतील माणसांच्या दांतांवरील कीटणांत घोडीच्या दुधाचे अंश सांपडले. २०२३ सालीं त्राउटमान प्रभृतींनीं रुमानिया, बल्गेरिया व हंगेरी येथील पांच याम्नाया सांगाड्यांच्या कमरेच्या व मांडीच्या हाडांवर घोडदौडीच्या खुणा असल्याचें लिहिलें. त्यावर पुढच्याच वर्षीं, तशा खुणा इतर कारणांनींही होतात असा आक्षेप आला. यांवरून फार तर असें म्हणतां येईल कीं, इ. स. पू. ३००० च्या आसपास कांहीं लोक कांहीं घोडे धरीत, पिळीत, क्वचित् त्यांवर बसत. परंतु कांहीं घोडे धरणें निराळें आणि घोड्यांच्या पाठीवर बसून अर्धें जग बदलणें निराळें. ग्रंथाच्या उपनामांत कांस्ययुगीन ‘स्वारांनीं’ आधुनिक जग घडविलें असें जें म्हटलें आहे, तें युरोपपुरतें आतां टिकत नाहीं. लोक गेले, भाषा गेली, बैलगाडेही गेले. घोडा मात्र मागाहून गेला.

आर्यभाषांच्या ज्या शाखेशीं आपला संबंध आहे, तेथें मात्र ग्रंथाचें म्हणणें अधिक पक्कें झालें आहे. उरल पर्वताच्या दक्षिणेस सिंताश्ता येथें इ. स. पू. २१०० ते १८०० या काळांतील थडग्यांत आऱ्यांच्या चाकांचे हलके रथ व त्यांबरोबर पुरलेले घोडे सांपडले. आणि घोड्याचा नवा वंश आशियांत पसरला तो याच लोकांबरोबर, असें २०२१ चा लेख म्हणतो. पुढें इ. स. पू. १४ व्या शतकाच्या सुमारास मितन्नी देशच्या किक्कुली नामक अश्वशिक्षकाचा ग्रंथ हित्तींच्या राजधानींत लिहिलेला आढळतो. रथाचे घोडे कित्येक महिने कसे तयार करावे याची ती दैनंदिनी आहे. तींत फेऱ्यांस ‘आइक-वर्तन्न’, ‘तेर-वर्तन्न’, ‘पंझ-वर्तन्न’, ‘सत्त-वर्तन्न’ असे शब्द आहेत. एक, त्रि, पंच, सप्त आणि वर्तन, हे ओळखण्यास संस्कृतज्ञास कोश उघडावा लागत नाहीं. नुझी येथील लेखांत घोड्यांच्या रंगांचीं नांवें ‘बभ्रु’, ‘पलित’ व ‘पिंगल’ या शब्दांशीं जुळणारीं आहेत. ही खरी गोठ्याची भाषा! येथें केवळ जनावराचें नांव नाहीं. त्यास फिरविणें आहे, फेऱ्या मोजणें आहे, रंगावरून निवडणें आहे. असा शब्दसमूह हातीं आला म्हणजे घोडा माणसाळलेला होता असें निःशंकपणें म्हणावें. एकटा ‘अश्व’ तेवढें सांगूं शकत नाहीं.

(६)

शब्द स्थिर व वस्तु स्थिर, आणि दोहोंची गांठ अभंग, ही समजूतच मूळ चुकीची आहे. ‘मृग’ म्हणजे वेदांत कोणतेंही वन्य जनावर. मराठींत तो हरिण झाला, आणि फारशींत ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. आर्मेनियन भाषेंत घोड्यास ‘जी’ म्हणतात, जो आपल्या ‘हय’ शब्दाचा भाऊ. आणि कित्येकांच्या मतें ‘*एक्वोस्’चा वंशज जो ‘एश्’, त्याचा तेथें अर्थ गाढव. आपल्या दप्तरांतील ‘बारगीर’ हा शब्द घ्या. फारशींत तो ओझें वाहणाऱ्या घोड्याचा वाचक. मराठी कागदांत तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्या स्वाराचा झाला. शब्द घोड्याच्या पाठीखालून पाठीवर चढला! ज्यास हें ठाऊक नाहीं, त्यानें हजार बारगिरांची यादी वाचून हजार तट्टें मोजलीं तर दोष कोणाचा?

उलट दिशेचा धोकाही तेवढाच आहे. लगाम, खोगीर, जीन, रिकीब, चाबूक, नाल, तोबरा, पागा हे आपले अश्वशाळेचे शब्द जवळजवळ सर्व फारशी-अरबी. उद्यां दुसरें कांहीं न उरतां एवढेच शब्द उरले, तर एखादा पंडित सिद्ध करील कीं, मुसलमानी अंमलापूर्वीं महाराष्ट्रांत घोडा नव्हता. आणि कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानें १२ व्या शतकांतच ‘मानसोल्लासां’त अश्वपरीक्षा लिहून ठेविली आहे, हें त्याच्या गांवींही नसेल. उसना शब्द नवी पद्धत, नवा साज किंवा नवा धनी आल्याचें सांगतो; जनावर नवें आल्याचें सांगेलच असें नाहीं.

खुद्द ‘अश्व’ शब्दाचें काय झालें? घोडा भरभराटींत असतांनाच तो शब्द बहुतेक ठिकाणीं मेला. लॅटिन ‘एक्वुस्’ जाऊन ‘काबाल्लुस्’ आला. आधुनिक ग्रीकांनीं ‘हिप्पोस्’ टाकून ‘आलोगो’ म्हणजे ‘बुद्धिहीन’ असें नांव स्वीकारिलें. लिथुआनींत नांगराशीं संबंध असलेला शब्द रूढ झाला. आपल्याकडे ‘घोट’, ‘घोटक’ येऊन त्याचा ‘घोडा’ झाला, आणि हा ‘घोट’ मूळचा आर्यभाषेंतील नसावा असें कित्येक मानितात. अमरकोशांतील नामावळींत ‘घोटक’ आरंभीं आहे आणि ‘अश्व’ मागें, हें पाठ करतांना आपल्या लक्षांत येत नाहीं. मराठींत ‘अश्व’ उरला तो पोथींत, आणि एका जिवंत ठिकाणीं : माउलींच्या पालखीपुढें रिंगणांत धांवतो तो ‘अश्व’च, त्यास कोणी वारकरी घोडा म्हणत नाहीं. जुन्या नॉर्समध्यें ‘योर्’ जसा काव्यापुरता राहिला, तसाच हा विधीपुरता राहिला आहे.

व्युत्पत्तीच्या मर्यादेविषयीं हेमचंद्राचा दाखला येथें देणें उचित होईल. ‘अभिधानचिंतामणी’त त्यानें घोड्यांच्या रंगांवरून पडलेलीं ‘खोंगाह’, ‘सेराह’, ‘कियाह’, ‘वोल्लाह’, ‘उराह’ अशीं नांवें दिलीं आहेत. तीं परदेशी व्यापाऱ्यांबरोबर आलीं असावीं हें त्यांच्या तोंडवळ्यावरूनच दिसतें, कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं अशा नांवांविषयीं विस्तारानें लिहिलें आहे. हेमचंद्रानें टीकेंत या सर्वांस संस्कृत व्युत्पत्ति जोडिली, परंतु लगेच कबूल केलें कीं, हे शब्द बहुधा देशी आहेत आणि व्युत्पत्ति केवळ वर्णांचा क्रम निश्चित राहावा म्हणून दिली आहे. आठशेंहून अधिक वर्षांपूर्वींचा हा प्रामाणिकपणा पाहून मान लवते. व्युत्पत्ति शब्दाचें शुद्धलेखन राखते. ती इतिहासाची जामीन राहत नाहीं.

(७)

आपल्याकडील वादांत दोन्ही पक्ष ‘अश्वा’स साक्षीदार म्हणून ओढतात. एक म्हणतो, वेदांत घोडा आहे आणि सिंधुसंस्कृतींत नाहीं, म्हणून वाद संपला. दुसरा कच्छमधील सुरकोटडा येथील हाडें दाखवितो. तीं हाडें माणसाळलेल्या घोड्याचीं आहेत असें हंगेरियन प्राणिशास्त्रज्ञ बॉकोनी यांचें मत. रिचर्ड मेडो व अजिता पटेल यांनीं १९९७ सालीं त्यास आक्षेप घेतला, कारण घोडा व रानगाढव यांचीं सुटीं हाडें ओळखणें अतिशय कठीण. कोणी ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील अश्वसूक्तांत चौंतीस बरगड्या सांगितल्या आहेत म्हणून तो घोडा वेगळ्या जातीचा ठरवितात. घोड्यास बहुधा छत्तीस बरगड्या असतात, पण चौंतीसही आढळतात. शिवाय ती संख्या सत्तावीस नक्षत्रें, पांच ग्रह, सूर्य व चंद्र यांची बेरीज म्हणूनही लावितात. यज्ञांतील संख्येवरून जात ठरवूं नये, हें सांगण्यास पशुवैद्य लागत नाहीं.

याच्या नेमकें उलट चित्र आपल्या विदर्भांत आहे. नागपूरजवळील माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथील महाश्मयुगीन शिळावर्तुळांत घोड्याचे अवशेष आणि त्याचा साज सांपडला; माहुरझरी येथें घोड्याच्या तोंडावर घालावयाचे तांब्याचे अलंकार व लोखंडी कडियाळीं निघालीं. माणसाळलेला, सजविलेला, धन्याबरोबर पुरलेला घोडा येथें डोळ्यांसमोर आहे. पण ते लोक त्यास काय म्हणत, याचें एक अक्षरही उरलेलें नाहीं. गवताळ प्रदेशांत शब्द आहे, पण गोठा दिसत नाहीं. विदर्भांत गोठा आहे, पण शब्द नाहीं. दोहोंवरून धडा एकच निघतो.

एकंदरींत, अँथनी यांचा ग्रंथ वाचनीय आहे, त्यांतील चाकाचें प्रकरण मननीय आहे, आणि स्वतःची चूक कशी सुधारावी याचा धडा तर प्रत्येक संशोधकानें त्यापासून घ्यावा. परंतु घोड्याचीं प्रकरणें वाचतांना २०२१ व २०२४ सालचे लेख शेजारीं ठेवावे. मूळ आर्यांस घोडा ठाऊक होता, हें सिद्ध आहे. त्यांनीं तो बांधला होता, हें सिद्ध नाहीं, आणि आजचा पुरावा तसें नसावें याच बाजूस झुकतो. सावजाचें नांव पुढें वाहनास मिळालें, आणि वाहन जेव्हां देशोदेशीं पोंचलें तेव्हां हें नांव तेथें आधींच जाऊन त्याची वाट पाहत होतें, असें म्हणणें सर्व पुराव्यांशीं अधिक जुळतें.

राहतां राहिलें फळ्यावरचें कोष्टक. तें आजही कोणी मांडावें. शब्दांचें नातें दाखविण्यास त्याहून सुंदर साधन नाहीं. मात्र खालीं रेघ ओढल्यावर थोडी जागा कोरी ठेवावी, आणि विद्यार्थ्यांस विचारावें कीं, हा घोडा रानांतला कीं दारांतला, हें या शब्दांवरून तुम्हांस कसें कळलें? प्रस्तुत लेखकानें तें विचारिलें नाहीं, आणि ज्यांस त्यानें चुकीचें शिकविलें ते आतां स्वतःच कोणाचे तरी शिक्षक असतील. त्यांपैकीं एखाद्याच्या दृष्टीस हा लेख पडला, तर श्रम सार्थकीं लागले असें वाटेल.